जुळतं तेच घे

इंदूर

चि. ईशा हिस,
अनेक आशीर्वाद.

घरच्या कॉम्प्युटरसाठी नवं काय घ्यायचं ती तुझी यादी मिळाली. त्यातली प्रत्येक वस्तू चांगली आहे, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बाबा पैसे पाठवायला तयार आहेत. मीच त्यांना थांबवलंय. हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

तू रायझन ७ ७८००एक्स३डी लिहिलास. घरच्या कॉम्प्युटरमधला मदरबोर्ड बी४५० आहे, म्हणजे एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा), आणि हा प्रोसेसर एएम५चा. एएम४ला १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात. एएम५ला १७१८ आणि त्या सॉकेटमध्ये. तो त्या बोर्डावर बसायचाच नाही. शिवाय एएम५ फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम घेतो. आपली रॅम डीडीआर४. दोन्ही पट्ट्यांना २८८च संपर्क असले तरी खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ही त्यात लागत नाही. एका प्रोसेसरपायी बोर्ड गेला, रॅम गेली, आणि रॅमचे भाव कुठे जाऊन बसलेत ते तू पाहतेच आहेस.

मुळात प्रोसेसर बदलायची गरज आहे का, हे आधी पाहायला हवं होतं. परवा चिन्मय खेळत असताना मी टास्क मॅनेजर उघडून शेजारी बसले. ग्राफिक्स कार्ड सतत ९८-९९ टक्क्यांवर, आणि आपला रायझन ५ ३६०० निम्म्यावरही नाही. म्हणजे खेळ अडतोय तो कार्डापाशी. उलटं दिसलं असतं, कार्ड रिकामं आणि तरी फ्रेम कमी, तर मी प्रोसेसरचं म्हणणं मान्य केलं असतं. तुझा मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झचा. सेकंदाला पंचाहत्तर चित्रं द्यायला ३६०० बहुतेक खेळांत पुरतो. पुढे मॉनिटर बदललास आणि तो कमी पडायला लागला, तर याच बोर्डावर रायझन ५ ५६०० चालेल, किंवा मिळाला तर ९६ एमबी कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा) ५७००एक्स३डी. त्याआधी बायॉस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायचं, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, आणि यूपीएसवर. आणि कूलर सरळ ओढू नकोस. थोडा वेळ खेळून प्रोसेसर गरम कर, बंद कर, मग कूलर हलके पिळून काढ. नाहीतर दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसरच कूलरला चिकटून सॉकेटबाहेर येतो आणि पिना वाकतात.

आता कार्ड. आरटीएक्स ५०६० टीआय लिहिलंस, पण किती जीबीचं ते नाही. ते ८ आणि १६ अशा दोन्हींत येतं, आणि आपल्याकडे हा फरक जास्त जाणवेल. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातली माहितीची वाट, आणि हे कार्ड तिच्या आठच लेन वापरतं. बी४५० पीसीआयई ३.० आहे, म्हणजे आठ लेनवर सेकंदाला जेमतेम ८ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेलं सामान त्याच वाटेने रॅममधून ये-जा करतं, आणि खेळ अडखळतो. म्हणून १६चंच घे. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी मला अधिक बरं वाटतं: ते सोळा लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावरही वाट दुप्पट रुंद मिळते.

पण या पत्राचं खरं कारण वेगळं आहे. तुझ्या यादीत पॉवर सप्लाय नाहीच! मुलांना पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बाईच्या घरात हे चालायचं नाही, बाळा. मी कॅबिनेट उघडून स्टिकर वाचला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खाली १२ व्होल्टसमोर २५ ॲम्पिअर. कर गुणाकार: ३०० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा तोच. आत्ताचं जीटीएक्स १६५० फक्त ७५ वॅट घेतं, तेही सगळं स्लॉटमधूनच, म्हणून आजवर निभावलं. ५०६० टीआय १८० वॅटचं, ९०६० एक्सटी १६० वॅटचं. त्यांना वेगळी आठ पिनांची केबल लागते आणि या सप्लायला ती नाही.

केबल नाही म्हणून प्रोसेसरची आठ पिनांची केबल कार्डात दाबून बसवायची नाही. दिसायला ती तशीच असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना असतात. तसंच, मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचा, सप्लाय घेतलास तर त्याच्या स्वतःच्या केबलीच वापरायच्या. दुसऱ्या कंपनीच्या केबली खोक्यात पडल्या असल्या तरी नाही. सप्लायकडच्या टोकाची जोडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि त्यात डिस्क जळतात.

६५० वॅटचा घे. चालू वापर सव्वातीनशेच्या आसपास राहील, पण कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं त्याहून बरंच जास्त ओढतं. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतले भाग कसे आहेत ते नाही. वॅटचा आकडा किती तापमानाला दिलाय तेही बघ: काही कंपन्या ४० अंशांना देतात, काही ५०ला. मालव्यातल्या रात्री थंड असल्या तरी मे महिन्याच्या दुपारी तुझ्या खोलीतच चाळीस होतात, कॅबिनेटच्या आत तर त्याहून जास्त. म्हणून ५०वाला.

कॅबिनेटमध्ये पट्टी लावून पाहिली. समोरच्या पंख्यापर्यंत २९० मिमी जागा आहे. तीन पंख्यांची काही कार्डं त्याहून लांब असतात, तेव्हा दोन पंख्यांचंच निवड.

तर आत्ता कार्ड आणि पॉवर सप्लाय, एवढंच. कार्डाची लांबी आणि सप्लायचं नेमकं मॉडेल मला कळव, मी जेल रोडवर भाव विचारून ठेवते. सुट्टीत आलीस की दोघी मिळून जोडू. जुना सप्लाय चिन्मयला देऊ नकोस, तो मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उघडून दाखवायला नेणार आहे.

तुझी,
आई