जुन्या मोगलीच्या नावाखाली नवीच मालिका दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : जाहिरातीत दाखवलेली मालिका न मिळाल्याबद्दल, आणि वर्गणी परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

गेल्या महिन्यात मी तुमच्या ॲपची वर्षाची वर्गणी, ९९९ रुपये, भरली. ती एकाच मालिकेसाठी. 'दूरदर्शनवर गाजलेला मोगली, हिंदीत, सर्व भाग' अशी तुमची जाहिरात होती आणि शेजारी चित्रही त्याच जुन्या मोगलीचं होतं. रविवारी सकाळी सहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून मालिका लावली, तर सुरू झाली २०१० साली आलेली, संगणकावर केलेली त्रिमितीय मालिका. जुनीचा एकही भाग ॲपवर नाही.

तुमच्या प्रतिनिधींना फोन केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, मोगलीच आहे की. उलट नवीन आहे, चित्र जास्त स्वच्छ दिसतं." या उत्तरामुळेच मी एवढं सविस्तर लिहिते आहे. या दोन वेगळ्या मालिका आहेत.

जुनी मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची. १९८९-९० मध्ये ती तिकडे दाखवली गेली, भाग ५२. आपल्याकडे १९९३ साली दूरदर्शनवर ती हिंदीत आली, तेव्हा मी आठ वर्षांची होते. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात रंगीत टीव्ही फक्त मालकांकडे होता. रविवारी सकाळी आई न्हायला हाका मारायची आणि आम्ही सात-आठ पोरं मालकांच्या ओटीवर दाटीवाटीनं बसलेलो असायचो. गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेलं शीर्षकगीत सुरू झालं की मालकीणबाईसुद्धा हातातली विळी बाजूला ठेवून दारात येऊन उभ्या राहायच्या. शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा होता. तो आवाज आला की माझा धाकटा भाऊ माझ्या पाठीमागे तोंड लपवायचा, आणि तरी घरी चल म्हटलं तर यायचा नाही. मोगलीसारखं बूमरँग हवं म्हणून आम्ही पुठ्ठा कापून कितीतरी केली. एकही परत आलं नाही, बरीचशी शेजारच्या कौलांवर गेली.

माझं आजोळ पवनीचं, वैनगंगेच्या काठावरचं. मोगलीची मूळ गोष्ट लिहिणाऱ्या किपलिंगच्या पुस्तकातली नदी हीच, असं मामानं सांगितलं होतं. तेव्हापासून मोगली मला आमच्याकडचाच मुलगा वाटत आला आहे.

पण माझी तक्रार केवळ आठवणींपोटी नाही. जुन्या मालिकेत गोष्ट सलग पुढे जाते. लांडग्यांना सापडलेलं तान्हं मूल हळूहळू वाढतं, चुकतं, शिकतं आणि शेवटी माणसांत राहायला जातं. पुढच्या रविवारपर्यंत आम्ही आठवडाभर तेच बोलत असायचो. नव्या मालिकेत अकरा-अकरा मिनिटांच्या सुट्या गोष्टी आहेत. अडचण येते, सुटते, भाग संपतो. पाचव्या-सहाव्या भागानंतर मुलानं मला विचारलं, "आई, हा मोठा कधी होणार?" मला जे त्याला दाखवायचं होतं, ते नेमकं हेच होतं. नव्या मालिकेवर माझा राग नाही. हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटनं परदेशी कंपन्यांबरोबर ती केली आहे, ती आवडणारी मुलंही असतील. ती तिच्या स्वतःच्या चित्रानिशी दाखवा. जुनीचं चित्र लावून नवी विकणं मला मान्य नाही.

माझी मागणी अशी : भरलेले ९९९ रुपये पूर्ण परत करावेत. जाहिरातीतून आणि ॲपवरून जुन्या मालिकेचं चित्र व उल्लेख काढावा, आणि एकाच नावाच्या प्रत्येक मालिकेपुढे निर्मितीचं वर्ष व भाषा लिहावी. जुनी मालिका तिच्या मूळ हिंदी आवाजांसह आणि शीर्षकगीतासह आणण्याचा तुमचा विचार असेल, तर तेही कळवावं. तशी ती आली, तर मी त्याच दिवशी पुन्हा वर्गणी भरेन.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक पंचायतीचं काम १९७४ साली याच शहरात सुरू झालं, माझे वडील तिच्या सभांना जायचे. त्यामुळे पाठपुरावा कसा करतात, हे मी घरातच पाहिलं आहे.

कळावे,

आपली एक ग्राहक
सदाशिव पेठ, पुणे

सोबत : जाहिरातीचा स्क्रीनशॉट, वर्गणी भरल्याची पावती