सर्टिफिकेट कशाचं, व्हिडिओ पाहिल्याचं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अर्ली इंटरव्हेन्शनच्या, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या लहानग्यांना पहिल्या तीन वर्षांतच मदत करण्याच्या कामाच्या, ऑनलाइन कोर्सेसवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. ऑनलाइन शिकण्याला माझा विरोध नाही. लांबच्या भागात काम करणाऱ्यांना बरेचदा दुसरा मार्गच नसतो, आणि मेंदूची वाढ, विकासाचे टप्पे, कुटुंबाशी बोलण्याची पद्धत हा भाग रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांतूनही चांगला शिकवता येतो. संताप आला तो एका वाक्याचा. शेवटची चाचणी पास होईपर्यंत कितीही वेळा देता येते आणि सर्टिफिकेट लगेच डाउनलोड होतं, हे लेखात कौतुकानं सांगितलं आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला हात लावण्याची पात्रता अशी ठरत असेल तर त्यात कौतुकासारखं काही नाही.

अशा चाचणीत 'सुधारित वय म्हणजे काय' असा प्रश्न चार पर्यायांसह येतो आणि उत्तर सगळ्यांचं बरोबर येतं. फाइल समोर आली की अडतं. ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ आज ९ महिन्यांचं आहे. ४० आठवड्यांच्या हिशेबानं ते १० आठवडे आधी आलं, म्हणजे सुधारित वय साधारण पावणेसात महिने. ही वजाबाकी बाळ २ वर्षांचं होईपर्यंत करायची असते. ती राहिली की विकास तपासण्याचा ९ महिन्यांचा फॉर्म भरला जातो, बाळ 'मागे' ठरतं आणि घरच्यांची झोप उडते. उलट चूक जास्त महागात पडते. 'लवकर जन्मलंय, करेल हळूहळू' म्हणून सतत आवळलेली मूठ किंवा वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर अशी लक्षणंही सोडून दिली जातात. त्यांना वजाबाकीची सवलत नाही, लगेच पुढे पाठवायचं.

एम-चॅट-आरचंही तसंच. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांमध्ये ऑटिझमची शक्यता तपासणारी ही २० प्रश्नांची चाळणी. बहुतेक प्रश्नांत 'नाही' या उत्तराला गुण असतो, पण २, ५ आणि १२ या प्रश्नांत तो 'हो'ला असतो. घाईत सगळे 'नाही' मोजले की बेरीज चुकते. बेरीज ३ ते ७ आली तर पालकांची पाठपुरावा मुलाखत घ्यायची. ८ किंवा जास्त असेल तर ती न घेताही थेट सविस्तर तपासणीला पाठवता येतं. कोर्समध्ये फॉर्म शिकवतात आणि मुलाखत गाळतात. मग ४ गुण मिळालेल्या मुलाच्या आईला थेट 'ऑटिझम असू शकतो' असं सांगितलं जातं. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे स्लाइडवर लिहून भागत नाही. आईशी बोलताना ते तोंडी बसलेलं असावं लागतं.

हे काम ऑनलाइन शिकवायचं असेल तर एक गोष्ट टाळता येणार नाही, आणि नेमकी तीच लेखात कुठेही नाही. शिकणाऱ्यानं स्वतःच्या भेटीचा व्हिडिओ पाठवायचा आणि अनुभवी माणसानं तो थांबवून थांबवून पाहायचा. आठ-दहा मिनिटं पुरतात, पण ती सलग हवीत, निवडून कापलेले चांगले तुकडे नकोत. प्रसंग रोजचा: कपडे घालणं, भरवणं, अंघोळीची तयारी. फोन आडवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खिडकी पाठीमागे येऊ न देता. चौकटीत मुलाचे हात आणि चेहरा दिसायला हवा, तशी आईही. पालकांची लेखी संमती आधी, आणि त्यात व्हिडिओ कोण पाहणार आणि कधी पुसला जाणार हेही.

अशा व्हिडिओत पहिल्या दोन मिनिटांतच काय दिसतं, तर आई सदरा घालत असते, मूल हात मागे घेतं आणि प्रशिक्षणार्थी सदरा स्वतःच्या हातात घेते. त्या क्षणापासून आई प्रेक्षक होते. मेंटॉरनं व्हिडिओ थांबवायचा तो इथे. सदरा आईच्याच हातात राहायला हवा होता. आधी विचारायचं, 'रोज असंच होतं का, तेव्हा तुम्ही काय करता?' मग सूचना एकच: बाही हातासमोर धरा, 'हात घाल' म्हणा आणि मनात पाच मोजेपर्यंत थांबा. आपल्याला पाच सेकंद फार लांब वाटतात, म्हणून नवशिके दोन सेकंदांत तेच वाक्य पुन्हा म्हणतात, आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. दोन आठवड्यांनी त्याच प्रसंगाचा दुसरा व्हिडिओ मागवायचा. पहिल्या सूचनेचं काय झालं, हे त्याशिवाय कळत नाही.

दीड वर्षाचं मूल आठवड्याला ७० तासांहून जास्त जागं असतं. तज्ज्ञाची भेट एका तासाची. उरलेले तास कोणाकडे असतात, हे विसरून शिकवलेली कोणतीही पद्धत घरी टिकत नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं ३ वर्षांखालच्या मुलांसाठी योजना लिहायला सांगितली ती कुटुंबाची, एकट्या मुलाची नव्हे. उद्दिष्टही तसंच लिहायचं. 'सूक्ष्म कारक कौशल्य सुधारेल' हे काही उद्दिष्ट नव्हे. 'जेवताना चमचा स्वतः धरून ५ पैकी ३ घास तोंडापर्यंत नेईल' असं लिहिलं की आईलाही मोजता येतं.

काही गोष्टी पडद्यावरून मुळीच शिकवू नयेत. स्नायूंचा ताठरपणा हाताला कळावा लागतो. भरवण्याचं प्रशिक्षण तर प्रत्यक्ष, कोणीतरी शेजारी उभं असतानाच व्हायला हवं. कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलांना आधार, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका वाढतो. गिळल्यावर खोकला आला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला तर तिथेच थांबायचं आणि गिळण्याच्या तपासणीला पाठवायचं. ही स्थिती चित्रात पाहून जमेल असं सांगणारा कोर्स धोकादायक आहे.

म्हणून सर्टिफिकेटवर दोन आकडे तरी असावेत: देखरेखीखाली प्रत्यक्ष किती तास काम केलं, आणि गुणांकनाचा मेळ किती टक्के बसला. मेळ काढणं अवघड नाही. एकाच व्हिडिओला प्रशिक्षक आणि शिकणारा स्वतंत्रपणे गुण देतात. २० पैकी १६ बाबी जुळल्या तर ८० टक्के. त्याखाली असेल तर पुन्हा सराव. 'कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र' आणि व्यवसाय करण्याची अधिकृत नोंदणी या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लेखात ठळकपणे यायला हवं होतं. फी भरण्याआधी वाचकाला हेच कळणं गरजेचं असतं.

जाता जाता त्याच पानावरच्या चौकटीबद्दल. '८ महिने: बसते, ९ महिने: रांगते, १२ महिने: चालते' असा तक्ता छापला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलांसाठी आधाराशिवाय बसण्याची मर्यादा ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्यानं चालण्याची ८.२ ते १७.६ महिने अशी आहे. सुमारे ४ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. एकच आकडा छापल्यानं १३ महिन्यांच्या, अजून न चालणाऱ्या धडधाकट मुलाचे पालक घाबरतात. वरची मर्यादा उलटली तर मात्र थांबू नये, तपासणी करून घ्यावी, हेही त्या तक्त्यातून कळत नाही. असे तक्ते लोक कापून ठेवतात. तेव्हा दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, दोन्ही टोकांच्या आकड्यांसह छापावी, आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी सुधारित वय धरावं, ही ओळ तक्त्याच्या खाली नव्हे, वर घालावी.

आपली,
एक नियमित वाचक