चि. मुक्ताला, अर्जाची मुदत संपण्याआधी

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगून टाकलंस, सुट्टीतल्या फील्डवर्कला जात नाहीये, बाबांचं ऑपरेशन आहे ना. आईला हायसं वाटलं. मलाही वाटलं, तू जवळ असशील म्हणून. पण रात्री झोप लागेना. माझं ऑपरेशन हे कारण आहे की सबब? फील्डवर्कसाठी मुलं निवडणाऱ्या त्या सरांना तू भेटलीसच नसशील, असं राहून राहून वाटतंय. विचारणार नव्हतो, तरी विचारतो. भेटलीस का?

चौथीत तुला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. शेजारच्या मुलीच्या वहीत बघून उतरवून घ्यायचीस. तिने 'पृथ्वी'ची वेलांटी पहिली काढली की तुझीही पहिलीच. दोघींच्या चुका तंतोतंत सारख्या, म्हणून तर बाईंच्या लक्षात आलं. चष्मा मिळाला त्या दिवशी घरी येईपर्यंत रस्त्यावरची एकूण एक पाटी तू मोठ्याने वाचलीस. दादा वैतागला, तरी थांबली नाहीस.

सांगायचं होतं ते वेगळंच. विद्यापीठात कुणी बाई तुझी वही तपासायला येणार नाहीत. तिथे मागेल त्यालाच मिळतं. ग्रंथालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं, पण त्यासाठी काउंटरवर जाऊन विचारावं लागतं. प्राध्यापक भेटीची वेळ ठरवून देतात आणि मुलं मात्र परीक्षा तोंडावर आली की उगवतात. पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा, जे तुला ओळखतच नाहीत ते बिचारे गुणपत्रिकेपलीकडे काय लिहिणार? दुसऱ्या विभागात चांगलं व्याख्यान असेल तर परवानगी घेऊन मागे जाऊन बस. इतकी जाणती माणसं पुन्हा एका आवारात भेटत नाहीत गं. भाषण झालं का हे? रागावू नकोस.

सक्तीच्या विश्रांतीत डार्विनबद्दल वाचतोय. केंब्रिजला असताना तो वनस्पतिशास्त्राच्या हेन्स्लो सरांबरोबर इतका फिरायचा की 'हेन्स्लोंबरोबर फिरणारा' हीच त्याची ओळख झाली होती. तुझ्या भूशास्त्राकडेही त्याला त्यांनीच वळवलं. १८३१ च्या ऑगस्टमध्ये तो सेज्विक या प्राध्यापकांबरोबर वेल्समध्ये खडक बघत हिंडला. घरी आला तर हेन्स्लोंचं पत्र येऊन पडलेलं. बीगल जहाजावर जागा आहे, जा म्हणून. त्याचं वय तेव्हा बावीस. वडिलांनी विरोध केला. एवढंच म्हणाले, एखादा शहाणा माणूस तुला जा म्हणाला तर परवानगी देईन. मग मामाने, जोसाया वेजवुडने, वडिलांच्या एकेका हरकतीला लेखी उत्तर दिलं आणि स्वतः त्यांना भेटायला गेला. वडिलांनी परवानगी तर दिलीच, खर्चही सोसला. २७ डिसेंबरला निघालेला मुलगा परतला तो १८३६ च्या ऑक्टोबरमध्ये.

सगळे डार्विनचं कौतुक करतात. मी त्या वडिलांचाच विचार करत बसलो. जवळजवळ पाच वर्षं! तुझं फील्डवर्क तर सहाच आठवड्यांचं, तरी उतारावर हातोडी घेऊन उभी असलेली तू डोळ्यांसमोर आलीस की पोटात गोळा येतो. दरडीखाली थांबू नकोस. अंधार पडायच्या आत खाली ये. पण जा.

तुझा तो खडकांच्या थरांवरचा अहवाल मी रक्ततपासणीच्या रांगेत बसून वाचला. अर्धा कळला नाही. तरी शेजारच्या गृहस्थांना पहिल्या पानावरचं तुझं नाव दाखवलं.

तुझ्यापेक्षा हुशार मुलं अर्ज करतील, हे तू मागेही म्हणाली होतीस. करू देत की. निवड करणं सरांचं काम आहे, ते तू आधीच कशाला उरकतेस? नाही म्हणाले तर त्यांना म्हणू दे. पुन्हा तेच सांगतोय, कळतंय मला. आजारी माणसाला तेवढी सूट दे.

इथली व्यवस्था झाली आहे. मामा महिनाभर राहायला येतोय, दादा रात्रीचं बघेल. डॉक्टरांनी काळजीचं काही नाही असं सांगितलंय, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. हवं तर दादाला विचार. आईशी मी बोललो. ती रडली, मग तुझे बूट काढून उन्हात ठेवले.

अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे ना? गुरुवारी सरांना भेट. बोलताना घसा कोरडा पडला तरी चालेल, प्रश्न कागदावर लिहून ने. भेटून बाहेर आलीस की आधी मला फोन कर, आईला नंतर.

तुझा,
बाबा