क्वां द मीरचा कडा बघताना

सातारा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

मॉरिशसला ग्रँड बेहून होडीने क्वां द मीर या छोट्या बेटाकडे जाणार आहेस, हे आईकडून कळलं. तुला बोट लागेल याची तिला काळजी. मला वाटतं, तो कडा तू डोळे भरून बघावास.

विहिरी खोदण्यात माझी उमर गेली. वर माती, मग मुरूम, मांजऱ्याचा मऊ खडक आणि खाली काळा पाषाण, हे तू काठावर उभी राहून कितीदा पाहिलंयस. तो पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून वर येऊन पसरलेला लाव्हा. ज्या आगीतून तो आला, ती आज रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आग जागेवरच राहिली, वरची जमीन सरकत गेली, चुलीवरून तवा सरकवावा तशी. त्याच आगीतून पुढे मॉरिशस झालं. रियुनियनचा ज्वालामुखी तर अजून जागा आहे. 2007 साली त्याचा लाव्हा थेट समुद्रात उतरला होता.

क्वां द मीरचा दगड मात्र आपल्यासारखा नाही. आपल्याकडे लाव्हा संथपणे पसरला. यवतेश्वरच्या घाटात डोंगर कापलाय तिथे ते जाड थर दिसतात. क्वां द मीरला तापलेला रस उथळ समुद्राच्या पाण्याला भिडला, वाफेचे स्फोट झाले आणि उडालेली राख थरावर थर साचून दगड झाली. पुढे लाटांनी बेट कुरतडलं, म्हणून ते थर उघडे पडलेत. ते नीट दिसतात समुद्रातूनच.

कड्यात एखादा धोंडा रुतलेला दिसला, तर त्याच्याखालचे थर वाकलेत का बघ. वाकले असतील तर तो स्फोटात उडून ओल्या राखेत आदळलेला असणार. मला हे फार बघायचंय गं. त्याचा जवळून फोटो काढ, आणि दुसरा लांबून, शेजारची होडी त्यात येईल असा, म्हणजे उंचीचा अंदाज येईल.

कपारींत लांब शेपटीचे पांढरे पक्षी घरटी करतात, बेट राखीव आहे. होडीवाल्याला फार जवळ न्यायला सांगू नकोस.

रिकाम्या पोटी होडीत बसू नकोस. आवळासुपारी पर्समध्ये ठेव, असं आईने दोनदा बजावलंय.

तुझे बाबा