पिशवी परत करणाऱ्या मावशींना

गेल्या महिन्यात खानापूर-बेळगाव बसमध्ये माझी कापडी पिशवी राहिली. आत होती आज्जा-आज्जीच्या लग्नानंतरची, १९५६-५७ची पत्रं.

आज्जा तेव्हा मुंबईत गिरणीत. नव्या बायकोला थेट लिहायची सोय नव्हती, म्हणून पत्र वडिलांच्या नावे: 'तीर्थरूप बाबांस शि. सा. नमस्कार'. चार ओळी भाताच्या रोपांवर, दोन बैलावर आणि अगदी शेवटी, ता. क. म्हणून, 'घरात सर्वांची प्रकृती जपावी'. ते 'सर्वांची' म्हणजे आज्जी, हे घरात सगळ्यांना ठाऊक! नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर पत्त्यातलं 'मुंबई राज्य' खोडून त्यानं 'म्हैसूर राज्य' लिहिलंय. गाव तेच, घर तेच.

पिशवी मिळाली आणि पत्रं वाचता आली ती तिघांमुळे. कंडक्टरसाहेबांनी ती डेपोत जमा केली. माझं कन्नड मोडकं, त्यांचं मराठी त्याहून, पण 'कागद, कागद' एवढ्यावर भागलं. मागच्या बाकावरच्या मावशींनी ती त्यांच्या हाती दिली होती, वर पावसात भिजू नये म्हणून स्वतःची प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. मावशी, तुमचं नावही मला कळलं नाही. आणि शहापूरचे निवृत्त गुरुजी, ज्यांनी पणजोबांची मोडीतली उत्तरं वाचून दिली आणि चहाशिवाय काही घेतलं नाही.

एका उत्तरात पणजोबांनी लिहिलंय: 'सर्वांची प्रकृती उत्तम. सर्व वाट पाहतात.' आज्जीला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

मावशी, तुमची पिशवी माझ्याकडेच आहे.