मॉडिंग सपोर्टच्या नावाखाली कुलूपबंद एडिटर विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सपोर्ट विभाग आणि मॉडिंग टूल्सचं काम बघणारी टीम

विषय: तुमच्या स्ट्रॅटेजी गेमचा मॅप एडिटर आणि स्क्रिप्टिंग जाहिरातीत सांगितल्याप्रमाणं चालत नसल्याबद्दल

नमस्कार,

तुमचा गेम मी डिलक्स एडिशन घेतलाय, पूर्ण पैसे भरून, सेलची वाट न बघता, आणि त्याचं कारण एकच होतं, स्टोअरच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं की पूर्ण मॉडिंग सपोर्ट आहे, म्हणजे खेळणाऱ्यानं गेम आपल्या मनासारखा बदलायची सोय, स्वतःचा नकाशा बनवा, स्वतःच्या फौजा, स्वतःचा इतिहास. आधीच सांगतो, गेम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वेढा पडला की एआय, म्हणजे समोरनं खेळणारा कॉम्प्युटर, डोकं चालवतोय, रसद तोडली की फौज खरोखर उपाशी मरतीय, हे असलं फार कमी गेममध्ये बघायला मिळतंय. आवडला म्हणूनच एवढं लांबलचक लिहायलोय, नाहीतर रिफंड मागून गप्प बसलो असतो.

आता तुमच्या त्या एडिटरमध्ये नेमकं काय करता येतंय बघा. झेंड्याचा रंग बदला, शिपायाचा अंगरखा बदला, युनिटचा (फौजेतल्या तुकडीचा) खर्च नि ताकद यांचे आकडे वरखाली करा, शहराचं नाव बदला. झालं. याला मॉडिंग म्हणायचं असेल तर मग गेमच्या सेटिंगमध्ये आवाज कमीजास्त करणं पण मॉडिंगच की.

मी खानापूर तालुक्यातला, आणि माझा जोडीदार बैलहोंगलचा, तो घरी कन्नड बोलतो, मी मराठी, गेम खेळताना दोघांची भाषा काय होते ते विचारू नका. आम्ही दोघं मिळून कित्तूरच्या लढाईचं सिनॅरिओ (त्यावर बेतलेला डाव) करायलोय. म्हणजे १८२४ साल, ऑक्टोबरात कित्तूरच्या किल्ल्यापुढं पहिली लढाई, त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, मग डिसेंबरात इंग्रज जास्त फौज घेऊन परत आले, किल्ला पडला, राणी चन्नम्माला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. पुढं तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा जंगलातनं लढत राहिला आणि १८३१ ला त्याला नंदगडला फाशी दिली, नंदगड आमच्याच तालुक्यात. स्ट्रॅटेजी गेमसाठी याच्यापेक्षा चांगला मसाला कुठं मिळणार, छोटं राज्य, समोर बलाढ्य कंपनी, आणि दोन लढायांच्या मध्ये मिळालेली जेमतेम दीड महिन्याची उसंत. खेळणाऱ्यानं त्या उसंतीत काय करायचं हाच आमच्या सिनॅरिओचा सगळा खेळ आहे, तट दुरुस्त करायचा, शेजारच्यांकडं मदत मागायची का बोलणी लावायची.

आणि नेमकं हेच तुमच्या टूलमध्ये करता येत नाही. ठराविक टर्ननंतर, म्हणजे इतक्या पाळ्या झाल्या की, नकाशाच्या कडेला शत्रूची नवी फौज आली पाहिजे, एवढी साधी गोष्ट. तुमच्या स्क्रिप्टिंगमध्ये इव्हेंट, म्हणजे अमुक झालं की तमुक कर असं सांगायच्या जागा, आहेत तीन, शहर जिंकलं, युनिट तयार झालं, सेनापती मेला. टर्न मोजणारा इव्हेंटच नाही. १९९९ च्या एज ऑफ एम्पायर्स टू मधल्या सिनॅरिओ एडिटरला टायमरचा ट्रिगर होता, इतका वेळ झाला की या जागी हे युनिट तयार कर, आम्ही शाळेत असताना बेळगावात सायबर कॅफेत बसून ते करायचो, कुणी शिकवलं नव्हतं, मेनू बघून कळायचं. इतक्या वर्षांनी, इतक्या पटीनं महाग गेममध्ये ते नसावं याला काय म्हणायचं.

बरं, तुमच्या इंजिनला जमत नाही असं पण नाही. तुमच्या स्वतःच्या मोहिमेत बरोबर ठरलेल्या टर्नला मदतीची फौज येतीय, मी स्वतः त्यात दोनदा चोपून निघालोय. तुम्ही पैसे घेऊन जो आल्प्सचा जादा नकाशा विकताय त्यात खिंडी आहेत, बर्फ पडला की त्या बंद होतात, नद्यांना पूर येतोय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार म्हणतात, इथं आडात पाणी काठोकाठ आहे आणि तुम्ही दोर कापून ठेवलाय.

खिंडीचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त डोकं तिथंच फिरलं. आमचा भाग कसा आहे, पूर्वेला सौंदत्ती, गोकाककडं उघडं माळरान, काळी जमीन, आणि पश्चिमेला खानापूरच्या पुढं जंगल आणि मग एकदम सह्याद्रीचा कडा, खाली गोवा नि कोकण. वर-खाली करायला ठराविक वाटा, चोर्ला घाट, आंबोली, रामघाट. जो घाट धरून बसेल तो व्यापार पण धरतोय आणि फौज पण अडवतोय, इथल्या इतिहासातली निम्मी कारणं या वाटांमध्येच आहेत. तुमच्या एडिटरमध्ये डोंगर ठेवता येतोय, पण तो नुस्ता दिसायला. खिंड नावाचा टाइल (नकाशाचा एक तुकडा) यादीत दिसतोय, करड्या रंगात, क्लिक होत नाही. मग आम्ही डोंगरांच्या रांगेत एक मोकळा टाइल ठेवून घाट केला, तर एआयला तो रस्ता दिसतच नाही, त्याची फौज कड्याला नाक लावून टर्नच्या टर्न उभी, पुढं नाही मागं नाही. लॉग फाइल (गेम काय करतोय त्याची नोंद) बघितली तर कळलं की वाट शोधायला तुमचा एआय आधीच तयार करून ठेवलेली डेटा फाइल वापरतोय, आणि ती फाइल नवीन नकाशासाठी तयार करायचं टूल तुम्ही दिलेलंच नाही. म्हणजे नवा नकाशा काढायची सोय दिली म्हणायचं, पण त्या नकाशावर एआय चालणार नाही. मग नकाशा काढून फ्रेम करून भिंतीला लावायचा का?

नद्यांचं तेच. एकट्या खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळतीय, आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होतीय. तुमच्या एडिटरमध्ये नदी काढताच येत नाही, तयार तुकडे आहेत, ते जोडायचे, आणि वळणाचे तुकडे एकाच बाजूचे दिलेत.

पावसाचा विषय तर विचारूच नका. हवामान सबंध नकाशाला एकच. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतोय आणि इकडं अथणीला पाचशे-सहाशे पडला तर लोक खूश. एकाच नकाशावर हे दोन्ही यायला पाहिजे. आणि जुन्या काळच्या लढाया पावसावर चालायच्या हो, चार महिने छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन करून मग मुलूखगिरी. पावसाळ्यात घाट बंद, तोफा चिखलात, हे दाखवता आलं नाही तर मराठ्यांचा काय, कुणाचाच या मातीतला गेम होणार नाही, युरोपातल्या नकाशावर फेटा घातलेले शिपाई एवढंच होईल. आल्प्सच्या नकाशात तुम्ही ऋतू दिलेच आहेत, आमच्यासाठी ते उघडा म्हणतोय, नवीन काही बनवा म्हणत नाही.

आता अक्षरांचं. शहराचं नाव बदलता येतंय असं वर म्हटलं खरं, पण देवनागरीत लिहून बघा एकदा. "निपाणी" लिहिलं तर पहिली वेलांटी न च्या डावीकडं यायच्या ऐवजी उजवीकडं लोंबकळतीय. "घटप्रभा" मधला प्र फुटून प् आणि र वेगळे, मध्ये हलंताचा पाय मोडलेला. "हिरण्यकेशी" तर वाचून दाखवा, बक्षीस देतो. कन्नडमध्ये याहून वाईट, तिथली जोडाक्षरं खाली लटकायला पाहिजेत ती सगळी ओळीत येऊन बसतायत, जोडीदार म्हणाला हे कन्नड नाही, कन्नडचा अपघात आहे. नावांवरनं आमच्याकडं आधीच भांडणं काय कमी आहेत का, त्यात तुम्ही दोन्ही बाजूंची अक्षरं सारखीच मोडून एक समानता आणली तेवढीच.

हे फॉन्टचं दुखणं नाही, फॉन्ट बदलून बघितलाय. युनिकोडमध्ये "नि" साठवताना आधी न आणि मग वेलांटी असतीय, पडद्यावर दाखवताना ती डावीकडं आणायचं काम टेक्स्ट शेपिंगचं. तुम्ही एकामागनं एक अक्षर नुस्तं छापताय. यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी आहे, फुकट, ओपन सोर्स, अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे, गोडोसारखं फुकटचं गेम इंजिनसुद्धा चौथ्या आवृत्तीपासनं वापरतंय. तेव्हा "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" हे सपोर्टकडनं आलेलं उत्तर मला पटलेलं नाही. करायचं नाही म्हणा, चालेल.

यावर आम्ही जुगाड केला होता. नावं चित्र म्हणून काढली, टेक्स्चरमध्ये (गेम नकाशावर चढवतो त्या चित्रांच्या फाइलीत) घातली, आणि नकाशावर चिकटवली. जोडीदारानं सौंदत्ती, कित्तूर, संपगाव असली सगळी नावं दोन्ही लिपीत बसवली, दिसायला पण छान दिसत होती. मग तुमचा पॅच, म्हणजे अपडेट, आला, टेक्स्चरची मांडणी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी गेम उघडला तर गोकाकवर संकेश्वरची पाटी, खानापूरवर अर्धा तोफखाना. पॅचच्या माहितीत याबद्दल एक अक्षर नव्हतं. जुन्या आवृत्तीवर थांबायची सोय पण नाही, अपडेट घेतल्याशिवाय गेम सुरूच होत नाही. मॉड करणाऱ्याला निदान आठवडाभर आधी सांगायची पद्धत ठेवा, काय बदलणार त्याची फाइल टाका, तेवढं केलं तरी आमची निम्मी कटकट वाचेल.

एडिटरला प्रत्येक वेळी ऑनलाइन लॉगिन लागतंय ते कशासाठी हे पण मला कळंना. खेळायला लॉगिन मागा, समजतंय. पण माझ्या कॉम्प्युटरवरची माझी फाइल उघडायला? आमच्याकडं जुलैमध्ये वारं सुटलं की झाड पडतंय, लाइट जातीय, लाइटबरोबर टॉवर पण जातोय. यूपीएसवर तासभर काम झालं असतं, पण तुमचा एडिटर "सर्व्हरशी संपर्क नाही" म्हणून बंद होतोय, सेव्ह करायचं का विचारत पण नाही.

लायसन्सचं एक कलम वाचून मात्र हसू आलं. मॉडमध्ये आम्ही जे काही बनवू ते सगळं तुमच्या मालकीचं. बनवूच दिलं नाही तर मालकी कशाची घेणार तुम्ही?

तुम्हाला वाटत असेल मॉड म्हणजे चार रिकामटेकड्या पोरांचा उद्योग. काउंटर-स्ट्राइक हा गेम १९९९ ला हाफ-लाइफ या गेमचा मॉड म्हणूनच सुरू झाला, पुढच्याच वर्षी मूळ गेमवाल्यांनी तो स्वतः विकायला काढला. डोटा हा गेम वॉरक्राफ्ट थ्री या गेमच्या एडिटरमधनं आला. सिव्हिलायझेशन फोरवाल्यांनी २००५ ला एक्सएमएल आणि पायथन उघडं ठेवलं, नंतर गेमच्या नियमांचा सी प्लस प्लसमधला कोड पण देऊन टाकला, त्याच्यावर लोकांनी पूर्ण नवे गेम उभे केले आणि मूळ गेम त्यामुळं वर्षानुवर्षं विकला गेला. यात त्यांचं काय नुकसान झालं ते मला तरी दिसलं नाही. मला वाटतंय तुम्हाला भीती आहे ती ही, की लोकांनी फुकट चांगले नकाशे केले तर तुमचे विकतचे कोण घेणार. असं असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि स्टोअरच्या पानावरनं "पूर्ण मॉडिंग सपोर्ट" हे शब्द काढा.

माझं मागणं एवढंच. टर्न आणि ऋतू बदलल्याचे इव्हेंट स्क्रिप्टिंगला द्या, खिंडीचा टाइल आणि एआयची वाट शोधायची फाइल बनवणारं टूल उघडा, अक्षरं नीट दाखवा, एडिटर ऑफलाइन चालू द्या. कधी देणार त्याची तारीख लेखी कळवा. द्यायचंच नसेल तर डिलक्स एडिशनचे जादा घेतलेले पैसे परत करा, मूळ गेम मी ठेवतो, तो मला पाहिजेच आहे.

जाहिरातीत एक आणि मालात दुसरं, याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतात, आणि त्याच कायद्यानं मी राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येतीय, तुमचं ऑफिस जगात कुठं पण असू दे. एवढ्या रकमेला फी पण लागत नाही. धमकी नाही ही, माहिती आहे. महिनाभर वाट बघीन, मग बेळगावला जाऊन अर्ज देईन, नाहीतरी महिन्यातनं एकदा जाणं होतंच.

बिल, स्टोअरच्या पानाचा स्क्रीनशॉट, तीन लॉग फाइल आणि फुटलेल्या अक्षरांचे फोटो सोबत जोडलेत. उत्तर मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, इंग्लिशमध्ये द्या, कसंही चालेल, फक्त "गेम अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा" असलं पाठवू नका, ते आधीच्या तिकिटात करून झालंय आणि त्यात महिन्याचा सगळा डेटा गेलाय.

आपला,
एक ग्राहक
ता. खानापूर, जि. बेळगाव