तीन उन्हाळ्यांचं पाणी द्या, साहेब! वनमंत्र्यांना अथणीहून खुलं पत्र

मा. वनमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी अथणीचा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो आणि नोकरीतली बरीच वर्षं जोधपूर-बाडमेरच्या वाळूत काढली. पत्र मराठीत आहे, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. कन्नड प्रत सोबत जोडली आहे.

बेळगाव जिल्हा म्हटला की बंगळूरच्या लोकांना खानापूरचं जंगल आठवतं. अथणी-कागवाडकडे सह्याद्रीचा पाऊस पोचत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. आमच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं तेव्हा कडेच्या चिंचा आणि लिंब गेले. त्यांच्या जागी दोन वर्षांपूर्वी चाळीस रोपं लावली. परवा मोजली, तर सात उरलीत.

पाणी घातलं नाही असं नाही. टँकर यायचा. पण रोपाला आळंच नाही, मग पाणी गटारात. माती जेमतेम वीतभर भिजायची. मूळ ओलीच्या मागे जातं. ओल वरच राहिली की मूळही वरच राहतं, आणि मेमध्ये टँकर पंधरा दिवस चुकला की रोप जळून जातं. जोधपूरला आमच्या लाइनीतला म्हातारा माळी रोपाला आठवड्यातून एकदाच पाणी द्यायचा, पण आळं भरायचा, मुरू द्यायचा, पुन्हा भरायचा. शेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं मातीचं मडकं, त्यातून पाणी हळूहळू पाझरायचं. वर पाचोळ्याचा जाड थर. जोधपूरला आमच्यापेक्षा पाऊस कमी पडतो, साहेब.

झाडाची निवडही तशीच हवी. रस्त्याकडेला गुलमोहर आणि सोनमोहर लावतात, कारण ते झटपट वाढतात; वळवाच्या वाऱ्यात त्यांच्याच फांद्या पहिल्यांदा मोडतात. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली ३६३ बिश्नोई माणसांनी ज्या झाडासाठी जीव दिला, ती खेजडी म्हणजे मराठीतली शमी आणि कन्नडमधली बन्नी. अरबांचा गाफही तोच, अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. ऐन उन्हाळ्यात त्याला नवी पालवी फुटते. सुरुवातीला ते वर वाढताना दिसत नाही, कारण आधी खाली मूळ सोडतं. म्हणून रोप लहान असतानाच लावावं, पिशवीत मूळ गुंडाळलं की ते कायमचं अडतं. दसऱ्याला आमच्याकडे एका घरात ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणतात, शेजारच्या घरात ‘बन्नी तगोंड बंगारदंग इरोण’. मग तेच झाड आमच्या रस्त्यावर का नसावं?

माझी मागणी नवी नाही. आपल्याच खात्याच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेत शेतकऱ्याला रोप लावल्याचे नव्हे, जगवल्याचे पैसे मिळतात, तेही तीन वर्षं. शहरातल्या रस्त्यांच्या ठेकेदारालाही हाच नियम लावा. बिल तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जिवंत झाडं मोजून. आणि बुंध्याला चिकटून सिमेंट ओतायला मनाई करा.

उरलेल्या सात झाडांना मी आळी केली आहेत, मडकीही पुरली आहेत. रिकाम्या तेहतीस खड्ड्यांसाठी शमीची रोपं आणि तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा लेखी आदेश, एवढं पावसाळ्याआधी पाठवा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, अथणी